शेवरीची हजेरी

फिनलंडहून शिक्षणशास्त्र शिकून परतताना मला वाटलं होतं, डोंगरातल्या शाळेत उत्सुक डोळ्यांची मुलं माझी वाट पाहत बसलेली असतील. प्रत्यक्षात सहा मुलं होती आणि बाकीचे ढग होते.

ढगांबद्दल माझी तक्रार नव्हती. ते रांगेत बसत, मधल्या सुट्टीत खिचडीची फक्त वाफ खात आणि पाढे म्हणताना मुलांपेक्षा छान डोलत. पाटीवर काही लिहिलं की ते त्यांच्याच हाताने पुसलं जाई, एवढंच. मी तिकडून लाकडी ठोकळ्यांची पेटी आणली होती. वस्तू हातात आली की आकडा मनात बसतो, यावर माझा ठाम विश्वास. ढगांच्या हातात ठोकळे राहत नसत, पण त्यावर मी काम करत होते. पगार नव्हता, कारण मी स्वतःहून आले होते.

शाळेची मुख्याध्यापिका म्हणजे माझी वसतिगृहातली मैत्रीण, यमुना भांगरे. शनिवारी शाळा सुटल्यावर ती म्हणाली, "सोमवारी साहेब येतायत. डोकी मोजायला."

"ढगांचीही?"

"हात घालून बघतात. हात ओला झाला की हजर."

वीस डोकी भरली नाहीत तर शाळा बंद होऊन मुलं घाटाखालच्या शाळेत जाणार होती. सहांपैकी चार मुली. त्यांना रोज घाट कोण उतरू देणार? यमूच्या पाठच्या बहिणीचं शिक्षण त्या घाटावरच थांबलं होतं. आणि पावसाळा सरत आल्यामुळे एकही ढग आठवडाभर शाळेत फिरकला नव्हता.

"उद्या पालकभेट," यमू म्हणाली. "सगळी धार पालथी घालू. बूट नीट घाल, शहाणे. मागच्या वेळी घसरून कारवीच्या झुडपात बसली होतीस तशी बसू नकोस."

रविवारी उजाडताच आम्ही धारेला लागलो. डावीकडे कोकण, उजवीकडे देश, मधे पाऊलभर वाट. सोनकीने सगळा उतार पिवळा केला होता. वारा असा की यमूचा पदर आमच्या पुढे चालत होता.

"तिकडं मास्तर घरोघरी हिंडत नाहीत?" तिने विचारलं.

"तिकडं मुलं आपणहून येतात."

"आणि ढग?"

"त्यांचं खातं वेगळं आहे."

खिंडीत पहिलं घर लागलं. खडकाला टेकून एक थोराड ढगीण बसली होती, भोवती तिची चार पोरं. मी म्हटलं, शाळेत यायचं का, हे पोरांनाच विचारू. निर्णय त्यांचा असायला हवा. विचारलं. पोरं "नाही" म्हणाली आणि दरीत उतरली.

"झालं समाधान?" यमू म्हणाली. मग ती ढगिणीशेजारी बसली. "काय वहिनी, सासूबाईंचा दमा कसाय?" सासूबाई कोकणात पडल्या होत्या, शांतपणे, रात्रीच्या रात्री. यमू हळहळली. तिने डब्यातली नाचणीची भाकरी काढली, आणि उद्या खिचडीत वाटाणे आहेत, हे जरा मोठ्याने सांगितलं. चारही पोरं दरीतून वर आली.

दुपारपर्यंत तेरा जण कबूल झाले. एका घरची दोन भावंडं भांडता भांडता एक झाली होती. आईने धपाटा घालून ती पुन्हा दोन केली. आम्ही चिंब भिजलो होतो, कारण ज्याला भेटायचं त्याच्या आत शिरल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. मी गाणं म्हणत होते. यमू म्हणाली, "गा, गा. एक कमी आहे अजून."

धारेच्या टोकाला सुळका होता; त्यालाच सगळे आबा म्हणत. त्याच्या माथ्यावर शेवरी बसली होती. दुसरीतली, पांढरी, वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी. मला बघून तिने आताही हात वर केला.

तिचा बाप काळसर आणि शब्दाला जड होता. "कशाला शिकवायचं, बाई? शेवटी पडायचंच ना?"

"पडायच्या आधीचं आयुष्य तिचं आहे," मी म्हणाले. मी बरंच बोलले. संधी, समता, प्रत्येकाची स्वतःची गती. तो माझ्यातून दोनदा ये-जा करून आला.

"बोलता बरं," तो म्हणाला. "पण आबाला कोण बघणार? हिचे भाऊ गेले कोकणात कामाला. सकाळपासून दुपारपर्यंत म्हाताऱ्याचं डोकं झाकायला कोणीतरी बसायला लागतं. खालून चार गावं बघतात. आमच्या कुळात आबा उघड्या डोक्याने राहिलेला नाही."

"दादा, उद्याचा एक दिवस तरी," यमू म्हणाली.

"साहेब येतो म्हणून ना? तसली नाटकं आम्हाला नको. पाठवली तर चौथी होईपर्यंत पाठवीन. तोवर हिच्या जागी बसणारं माणूस दाखवा."

हे सगळं रास्त होतं. शेवरीचा हात अजून वरच होता.

परतीच्या वाटेवर यमू बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होती. शेवटच्या चढावर म्हणाली, "एकोणिसावर भागत नाही गं." मी वर्गाचा विचार करत होते. सात समुद्रांपलीकडे रोज रात्री मी तो मनातल्या मनात सजवला होता.

सकाळी उठले आणि ठरवलं. ठोकळ्यांची पेटी यमूच्या हातात दिली, ढगांसाठी ते आधी भिजवून घे म्हणून सांगितलं, आणि तिची धुवट पांढरी चादर मागून घेतली.

"चौथीपर्यंत?" तिने विचारलं.

"चौथीपर्यंत."

"डबा शेवरीच्या बापाबरोबर पाठवते," ती म्हणाली. मग पाठ वळवून, "वीस भरले की घंटा दोनदा देईन."

मी सुळक्यावर पोचले तेव्हा शेवरी तयार होती. मी चादर पसरून बसले, तसा तिने आबाच्या डोक्यावरून एकेक टोक अलगद सोडवून घेतलं आणि धारेवरून उड्या मारत गेली. खाली चार गावांत धूर निघत होता. कोणी वर बोट दाखवलं नाही.

ऊन चढल्यावर घंटा झाली. थोडं थांबून पुन्हा झाली.

शेवरीचा बाप डबा घेऊन आला. त्याने मला समोरून पाहिलं, मग लांब जाऊन पाहिलं.

"बाई, जरा डावीकडं," तो म्हणाला. "आबाचा कान उघडा राहतोय."

मी सरकले.