चुलीवरचा चंबू

"गुरुजी, आगीवर काच? हे फुटन न!" उकंडराव दुकानातच ओरडले.

मेहकरजवळच्या त्यांच्या गावात शाळेला नुकतीच प्रयोगशाळा मंजूर झाली होती. उकंडराव शाळा समितीचे अध्यक्ष. म्हणून काचसामान निवडायला उत्तमराव गुरुजींबरोबर तेही अकोल्याला आले होते. माठ घेताना वाजवतात तसे ते प्रत्येक भांडे टिचकीने वाजवून पाहत होते. गुरुजी मात्र एकेक चंबू उजेडाकडे धरत.

"आत बुडबुडा नको, रेघ नको, जाडी सगळीकडे सारखी हवी. मग काच आगीला भीत नाही."

दुकानदाराने तसला एक चंबू पाणी भरून स्टोव्हवर ठेवला. पाणी खळखळले, काचेला काही झाले नाही. उकंडरावांचे तोंड उघडेच राहिले.

सामान उद्घाटनापर्यंत त्यांच्याच घरी ठेवले.

"काच चुलीवर?" बायको सोजराबाई हसल्या. "तुमाले कोनीतरी येड्यात काढलं."

"थांब, दाखवतोच!"

उकंडरावांनी चंबूत दूध ओतून तो चुलीवर चढवला. आळी गोळा झाली. दूध तळातून कसे हलते, बुडबुडे कसे वर धावतात, हे आजवर कोणी पाहिलेच नव्हते.

"अवो माय, दूध आतून असं असते?" शेजारच्या गीताबाई पुटपुटल्या.

सगळे इतके गुंगले की चंबू उतरवायचे भानच राहिले नाही. दूध उतू गेले, उरलेले तळाला करपले. चंबूच्या अरुंद मानेतून हात जाईना. राख झाली, चिंच झाली, काळा थर हटेना. आणि सकाळी उद्घाटनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार!

उकंडराव खाली मान घालून गुरुजींकडे गेले. गुरुजी घरी आले आणि सगळ्यांना लांब उभे करून त्यांनी चंबूत तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल, ओतले. थर हळूहळू सुटला. धुतल्यावर चंबू लख्ख.

"अन् काचेले काहीच नाही झालं?" सोजराबाईंनी विचारले.

"चांगल्या काचेला तेजाबसुद्धा खात नाही."

सोजराबाईंनी नकळत हात जोडले.

सकाळी साहेबांची जीप आली, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात बायांची रांग होती. प्रत्येकीच्या हातात करपलेले पातेले.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"गावाले विज्ञानाची लय ओढ हाय, साहेब," उकंडराव घाम पुसत म्हणाले.

तेवढ्यात आतून गुरुजी ओरडत आले, "पितळ आणू नका! तेजाबात पितळ विरघळतं!"

काही जणींनी पातेली पाठीमागे लपवली. मग गीताबाईंनी पदराआडून मोडकी पितळी पळी काढली.

"विरघळते? मंग तेच दाखवा, गुरुजी."

सगळ्या बाया पुढे सरकल्या. त्यांच्या मागोमाग, टाचा उंचावत, साहेबही.