गायधनी सरांनी परत केलेल्या वेबसाइट्स

गायधनी सर वेबसाइट वाचून झाली की ती परत करत. नुसती बंद करत नसत. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे तारीख घालून सही ठोकत आणि मग मला विचारत, "सोनवणेबाई, नोंद झाली?"

नाशिक रोडच्या आमच्या वाचनालयात ते ग्रंथपाल आणि मी मदतनीस. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. कार्यकारिणीने एक संगणक घेतला, इंटरनेट जोडलं आणि ग्रंथपालांसाठीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम सरांच्या गळ्यात मारला. एकूण बारा धडे, आपापल्या वेगाने शिकायचे. मात्र मार्चअखेर ते पुरे झाले नाहीत, तर संगणक एकलहऱ्याच्या शाखेला जाणार होता.

"आपापल्या वेगाने" हे सरांना मुळीच झेपलं नाही. धडा उघडला की ते मागे कुत्रं लागल्यासारखे वाचत सुटत.

"सर, सावकाश वाचा ना. घाई काय आहे?"

"अहो, मी हा धडा अडवून बसलोय. तिकडे कुणी ग्रंथपाल खोळंबला असेल."

एकाच वेळी हजार माणसं तेच पान वाचू शकतात, हे मी त्यांना तीनदा समजावलं. "प्रती किती?" एवढंच त्यांनी विचारलं. एकच, म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुसरी मीच घरी नेली होती.

पाचव्या धड्यात आवडत्या साइट्सची यादी करायची होती. सरांनी चाळीस तालिकापत्रं बनवली, पुस्तकांची बनवतात तशीच. 'लेखक : माहीत नाही. पृष्ठे : मोजता आली नाहीत. अवस्था : चांगली.' हवामानाच्या साइटवर तर शेराच होता, 'मजकूर रोज बदलतो. मूळ प्रत मागवावी.' पासवर्ड जपून ठेवा म्हटल्यावर त्यांनी त्याचंही कार्ड केलं आणि विषयवार लावून टाकलं. दोन दिवस आम्ही तो शोधत होतो. पासवर्ड 'त्र्यंबकेश्वर' होता, त्यामुळे 'तीर्थयात्रा' या खणात सापडला.

तरी अकरा धडे झाले. बाराव्यात स्वतःचा ब्लॉग लिहायचा होता आणि त्यावर अनोळखी वाचकाचा एक तरी अभिप्राय मिळवायचा होता. सरांनी विहिरींवरच्या एका जुन्या पुस्तकाबद्दल लिहिलं. ते पुस्तक आजवर कुणीच घरी नेलं नव्हतं, आणि सरांना त्याची फार दया यायची.

तीन आठवडे गेले. अभिप्राय शून्य. सर रोज आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी संगणक लावत, बघत, आणि मग उगाच टेबल पुसत बसत. मला बघवेना.

"सर, मीच टाकते एक. नाव दुसरं घालते."

"बोगस वाचक?" सर खुर्चीतून उठलेच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी फक्त चिठ्ठ्या लिहून बोलले. चिठ्ठ्यांवर जावक क्रमांक होते.

मार्चचे चार दिवस उरले होते तेव्हा चांदवडहून कुणा कांदेवाल्या शेतकऱ्याने लिहिलं, "लेख लय आवडला. पुस्तक बघायला पाहिजे. इकडं आले तर चहाला या."

अभ्यासक्रम पुरा झाला, संगणक वाचला. मी पेढे आणले. सरांचं लक्षच नव्हतं. ते विहिरींच्या पुस्तकाला नवं कव्हर घालत होते. रविवारी ते पुस्तक पिशवीत घालून एसटीने चांदवडला गेले.

सोमवारी मला हसू आवरेना. "काय हो सर! असं सगळेच लिहितात. पुस्तक पोस्टाने नसतं का गेलं?"

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"आमची ही, मालती, जाऊन दोन वर्षं झाली, बाई. तेव्हापासून मला 'या' असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी चार तास बसलो तिथे. त्यांनी विहीर दाखवली, जेवायला वाढलं."

मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलाशी बसत होते, आणि माझं घर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं.