आबांच्या दहाव्याचा पेन ड्राइव्ह

भगवंतआबांच्या दहाव्याला कावळ्यानं अजिबात वेळ लावला नाही. पिंड ठेवला न ठेवला तोच शिवला. वेळ लावला तो पेन ड्राइव्हनं.

आबांना भाषणांचा भारी तिटकारा. अवसरीपासून पारगावपर्यंतच्या दहाव्यांना जाऊन, उन्हात बसून लोकांचे 'दोन शब्द' ऐकता ऐकता त्यांचे कान किटले होते. म्हणून अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी नातीकडून, हर्षालीकडून, मोबाइलवर शूटिंग करून घेतलं आणि मुलाला जवळ बोलावलं.

"सुदर्शना, माझ्या दहाव्याला एक बी भाषण नको. तुझ्याच्यानं कुनाला नाय म्हनवत नाय, म्हून मीच सांगून ठेवलंय. कुनी माईक धरायच्या आदी ह्ये लाव. लावशील ना?"

"लावतो, आबा."

सुदर्शन म्हणजे टोमॅटोची गाडी नारायणगावला नेली तर लिलाव उरकल्यावर पोचणारा माणूस. पण बापाला शेवटचा शब्द दिला होता. एवढं एक तरी वेळेवर करायचंच, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. मंचरच्या जिनेशचा मोठा स्क्रीन सांगितला. शूटिंग पेन ड्राइव्हवर टाकताना हर्षालीनं पुण्याहून फोन करून विचारलं, "पप्पा, त्यांचा लॅपटॉप कोणता आहे?"

सुदर्शननं नीट आठवून सांगितलं, "काळा."

आता घाटावर जिनेशनं ड्राइव्ह लावला आणि मान खाजवली. "भाऊ, फॉरमॅट करू का म्हणून विचारतंय."

"कर की राव, लवकर!"

हर्षाली धावत आली तोवर काम झालं होतं. "अहो पप्पा, सगळं पुसलं ना! माझा लॅपटॉप ॲपलचा, ह्यांचा विंडोजचा. एकाचं दुसऱ्याला वाचता येत नाही. थांबा, फाईल माझ्याकडं आहे." तिनं गाडीतून आपला लॅपटॉप आणला. तोच स्क्रीनला जोडावा, तर जिनेशची वायर त्यात बसेना.

इकडं दादाभाऊंनी माईक उचलला. गावात दहावा कुणाचाही असो, माईक दादाभाऊंचा. "तांत्रिक अडचण हाये. तवर सोसायटीचे चेअरमन दोन शब्द बोलत्याल."

नको म्हणायला सुदर्शन तरातरा गेला, चेअरमनसमोर उभा राहिला आणि हात जोडून परत आला.

"ड्राइव्हवर फाईल बसत नाही," हर्षाली म्हणाली. "साडेचार जीबीची आहे, आणि ह्यांनी केलेल्या फॉरमॅटमध्ये चारच्या वर एक फाईल जात नाही."

जिनेशनं दुसरा फॉरमॅट केला. तोवर चेअरमननंतर आणखी दोन भाषणं झाली. आता ड्राइव्ह हर्षालीच्या लॅपटॉपला वाचता येत होता, पण त्यावर काही ठेवता येत नव्हतं. आणखी दोन भाषणं झाली.

"पोरी, दोघांना चालंल आसं कायच नाय का जगात?" सुदर्शन काकुळतीला आला. "मी आबांना शब्द दिलाय गं."

"आहे, पप्पा. एक्सफॅट. आधीच तोच करायला हवा होता."

फाईल उतरायला आणखी दोन भाषणं गेली. आबा कसे मितभाषी होते, यावरच शेवटचे वक्ते वीस मिनिटं बोलले. सुदर्शन खाली मान घालून बसला होता. मेलेल्या बापाला दिलेला शब्दसुद्धा आपल्याला पाळता आला नाही, या विचारानं त्याला मान वर करवेना.

अखेर स्क्रीन उजळला. कानटोपी घातलेले आबा खाटेवर बसले होते.

"राम राम, मंडळी. सुदर्शना, ह्ये सगळ्यात आदी लागलं आसंल, आसं काय मला वाटत नाय. मी वळखतो तुला. कितीक झाली भाषणं? पाच? सहा?"

"सात!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आसू दे. तू लई पळापळ केली आसशील बाबा. माझ्यापत्तुर पोचली. आता रडू नको."

दहा दिवस कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांना चहापाणी विचारणारा सुदर्शन तिथंच घाटाच्या पायरीवर ढसाढसा रडला. हर्षालीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ऊन झालंय मंडळी, घरी जा," आबा म्हणाले. "आन् दादाभाऊ, आभार मानायला उठू नगं."

दादाभाऊ आभाराचा कागद घेऊन निम्मे उठलेच होते. ते तसेच खाली बसले.