चार इंचांची गाडी, नऊ इंचांचा ब्रेकर

सोमवारी मधल्या सुट्टीत राजसीने दहावी 'ब'च्या अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं, "दिवाळीत मी स्पोर्ट्‌स कारमध्ये बसणार. इलेक्ट्रिक! पुण्याच्या ट्रॅकवर! पप्पा चालवणार, मी शेजारी!"

वर्ग गार! बेंचवरून पाय हलवत तिने पुढचंही सांगितलं. एक कंपनी येत्या काही वर्षांत वीजवाली स्पोर्ट्‌स कार काढणार आहे. ती कशी हवी, हे विचारायला कंपनी शौकीन माणसं शोधतेय. जो निवडला जाईल तो ट्रॅकवर गाडी चालवणार, सोबत एक माणूस फुकट. निवड अजून झाली नव्हती, पण एवढ्या बारीकसारीक गोष्टी कोण सांगत बसतं!

पप्पा म्हणजे विनीत. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या सोसायटीचे सचिव आणि 'वीजवेग' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे संस्थापक. ग्रुपमध्ये सात शौकीन. सातांत मिळून तीन स्कूटर आणि एक सीएनजीवाली म्हातारी गाडी. पण मागण्या अशा, की जणू सगळ्यांच्या दारात हेलिकॉप्टर उभं आहे!

"साईं, आवाज तो मंगताच!" हे कमलेश अंकल. उल्हासनगरात त्यांचं सीटकव्हरचं दुकान. "बिना आवाज की स्पोर्ट्‌स कार म्हणजे बिना पापड का खाना!"

"अहो अंकल, विजेच्या गाडीला आवाज नसतोच," राजसी म्हणाली होती.

"तो खोटा लगाव ना, बेटा! खोटा चलेगा!"

दिनानाथकाका आनंदनगरच्या कारखान्यात मॅनेजर. त्यांना गिअर हवे होते आणि क्लचही हवा होता. "क्लच नसेल तर डावा पाय दिवसभर करणार काय?" 

आणि पप्पांना गाडी हवी होती खाली. एकदम खाली! "बसलं की रस्त्यावरच्या मुंगीशी नजरानजर झाली पाहिजे!"

पप्पांच्या नावाचा फॉर्म राजसीनेच भरला. त्यात एक प्रश्न होता : गाडी ठेवायच्या जागेपर्यंत चार इंचांपेक्षा उंच काही आडवं येतं का? आता सोसायटीच्या गेटात ब्रेकर होता. चांगला नऊ इंचांचा! पार्सलवाल्यांच्या बाईक जोरात येतात म्हणून खुद्द पप्पांनी ठराव करून बांधून घेतलेला. त्याला पिवळे पट्टे राजसीनेच मारले होते. पण 'हो' लिहिलं तर फॉर्म बाद झाला असता. तिने 'नाही'वर टिक केली आणि वाटीभर चिवडा खाल्ला.

रविवारी सकाळी निवडीआधीच्या चाचणीसाठी कंपनीच्या शलाका मॅडम नमुन्याची गाडी ट्रकवर चढवून घेऊन आल्या. गाडी रस्त्यावर उतरली. लाल! चपटी! लाटण्याखालून नुकतीच निघालेली! आईने आरतीचं ताट आणलं, चाकांखाली लिंबं ठेवली.

"अगं माधवी, गाडी आपली नाही," पप्पा कुजबुजले.

"गाडीला कुठे माहीत आहे?" आई म्हणाली.

चार लिंबं फचाफच फुटली आणि पप्पा निघाले.

"सर, पुढे काही अडथळा?" शलाका मॅडमनी विचारलं.

"आहे एक. पण तो मीच बांधलाय," पप्पा ऐटीत म्हणाले. "मला काय अडवतोय!"

खर्रर्र! पुढची चाकं ब्रेकरच्या पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट बरोब्बर राजसीच्या पिवळ्या पट्ट्यांवर! चारही चाकं नुसती अधांतरी फिरत होती. उलटं पडलेलं झुरळ पाय हलवतं ना, तस्सं!

"थांब, मैं देखता हूं!" म्हणत कमलेश अंकलनी खिडकीतून हात घालून स्क्रीनवर काहीतरी दाबलं. घर्रर्रर्र! मागणीप्रमाणे खोटा आवाज सुरू! तीन इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. गाडी गर्जत होती आणि तसूभर सरकत नव्हती. हुबेहूब सोसायटीच्या मिटिंगमधले दिनानाथकाका!

"बंद करा तो!" पप्पा आतून ओरडले.

"साईं, बंद का बटन किधर है?"

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर! एक दिवसाआड येणारा, सगळी सोसायटी ज्याच्याकडे डोळे लावून बसते तो! आणि गेटात आडवी ही सुंदरी.

टँकरवाला जनू खाली उतरला. "दहा मिनिटं थांबतो. मग समोरच्या सोसायटीत खाली करणार. सांगून ठेवतोय!"

गॅलऱ्यांमधलं कौतुक क्षणात आटलं. "विनीत भाऊ, माझी भांडी पडलीयेत!" "अहो, डोक्याला शॅम्पू लावून उभी आहे मी!"

बारा पुरुषांनी मिळून गाडी उचलायला घेतली. एकाची कंबर धरली, दुसऱ्याची पँट उसवली, गाडी ढिम्म. पोटात बॅटरी ना!

"मॅडम, लिहून घ्या," दिनानाथकाका धापा टाकत म्हणाले, "गाडी हलकी हवी!"

शलाका मॅडम शांतपणे सगळं लिहितच होत्या.

मग गर्दी बाजूला सारत तळमजल्यावरच्या सगुणाबाई आल्या. त्यांचं माहेर बारवी धरणाकडचं. "आमची शेतं धरणाला दिली नि आमीच टँकरची वाट बघतो. त्यात ही बया आडवी!" त्यांनी चाकांकडे एकदा पाहिलं. "चिखलात बैलगाडी रुतली तर काय करता रं? खाली फळ्या घाला! गणपतीच्या पंगतीचे पाट हायेत ना? आणा! जनू, तुजा जॅक काढ!"

जनूने जॅक लावून गाडी उचलली, चाकांखाली पाट सरकले, शलाका मॅडमनी गाडी अलगद मागे घेऊन कडेला लावली. टँकर आत! टाळ्या पडल्या, त्या टँकरला.

"आजी, तुम्हाला अशी गाडी कशी हवी?" जाताजाता शलाका मॅडमनी विचारलं.

"जरा उंच कर. मागं दोन हंडे राहतील एवढी जागा ठेव. नि आवाज नको बाय, नातू झोपतो."

पंधरा दिवसांनी सोसायटीच्या ऑफिसात कंपनीचं पत्र आलं. निवड : सगुणाबाई. सोबत एक माणूस.

त्या दिवसापासून राजसी सगुणाबाईंच्या पिशव्या उचलू लागली. नातवाला झोके देऊ लागली. पप्पांनी तर स्वतः पहार घेऊन ब्रेकर फोडला. शेवटी न राहवून राजसीने विचारलंच, "आजी, सोबत कोणाला नेताय?"

"जनूला," सगुणाबाई म्हणाल्या. "मला कुठं चालवता येतं? चालवणार तो, मी शेजारी बसणार. त्या दिवशी गेटात दोन ड्रायव्हर आले. पुढं आडवं काय हाय ते बघून थांबला, तो तेवढा एकच."

दिवाळीनंतर शाळा उघडली. दहावी 'ब' वाटच बघत होती. "काय गं, बसलीस का स्पोर्ट्‌स कारमध्ये?"

राजसीने दप्तर नीट लावलं. पेन्सिलीला टोक केलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "ज्याने चालवली ना, तो आमच्या एकदम घरचा आहे. येतो आमच्याकडे. एक दिवसाआड."