पेम्मय्याच्या बंदुकीचं तेल

कैलपोळ्दच्या, म्हणजे शस्त्रपूजेच्या सणाच्या, आदल्या दुपारी पेम्मय्या बंदूक मांडीवर घेऊन पडवीत बसला होता आणि तिला कुठलं तेल द्यावं यावर घरात खल चालला होता. सकाळी बंदुकीला फुलं वाहून पूजा व्हायची आणि मग मैदानावर झाडाच्या शेंड्याला बांधलेला नारळ फोडायचा. पहिल्या बाराचा मान पेम्मय्याच्या घराचा. गेली तीन वर्षं नारळ जागचा हलला नव्हता. यंदाही चुकलं तर मान जाणार आणि पेम्मय्या परीक्षकाच्या छत्रीखाली बसणार. नेम गेलेल्यांनाच गाव परीक्षक करत असे.

"नेम चांगलाय हो दाजी, बंदूक कोरडी पडलीय," मेहुणा कुशालप्पा म्हणाला. "खोबरेल द्या."

"फौजेत खोबरेल देत नव्हते." पेम्मय्याने फौजेत सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली चोवीस भटारखान्यात.

"मग काय देत होते?"

"ते स्टोअरवाल्याला ठाऊक."

शेवटी खोबरेलच दिलं. ते पातळ वाटलं म्हणून वर जीपचं इंजिन ऑइल. तरी समाधान होईना, तेव्हा पंदीकरीसाठी आणलेल्या डुकराची चरबी वितळवून घोड्याच्या खाचेत चमच्याने ओतली.

"शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घाला आणि पुसून टाका," आतून बायको देचम्मा म्हणाली. "आमचे बाबा तेवढंच करायचे."

"बंदूक आहे ती, झंपर शिवायचा नाहीये."

सकाळी गार भुरभुर लागली होती. पूजा होईपर्यंत कुत्रा बंदुकीवर नजर लावून देवघराच्या उंबऱ्याशी बसला होता. इतका भाविक तो कधीच नव्हता.

मैदानावर पेम्मय्याने नेम धरून चाप ओढला. घोडा निघाला, पण गोठलेल्या चरबीतून तो इतक्या सावकाश खाली आला की पेम्मय्याला त्याच्याकडे बघायला सवड मिळाली. बार काही उडाला नाही. कुणीतरी छत्री उघडली.

"मान घराचा ना? मग मी घरातलीच आहे," देचम्मा पुढे झाली. तिने काडतूस काढलं, रुमालाचं टोक थर्मासातल्या गरम कॉफीत बुडवून घोड्याभोवतीची चरबी खरवडली, कोरडं पुसलं, नवं काडतूस भरलं आणि बार काढला. अर्धा नारळ कुशालप्पाच्या पायाशी पडला.

मान घरातच राहिला. छत्री मात्र पेम्मय्याच्या हातात आली.

"अक्का, लावलंत काय?" माणसं विचारू लागली.

"काही नाही. होतं ते काढलं."

हे कुणालाच पटलं नाही. सगळ्यांनी कॉफी डोळ्यांनी पाहिली होती. दुपारी पंदीकरीच्या पंगतीत तेलाचा विषय कायमचा मिटला आणि कॉफी दुधाची की बिनदुधाची यावर हमरीतुमरी सुरू झाली. अखेर निकाल नव्या परीक्षकाकडे आला.

पेम्मय्याने घास गिळला. "फौजेत दुधाची देत होते," तो म्हणाला, आणि या एका बाबतीत त्याची माहिती पक्की होती.