वीरधवलचा नवा पंप

"सांगली ते सातारा दीड तासात! घड्याळ लावून बसा!" वीरधवलनं माधवनगरच्या गॅरेजात जाहीर केलं. ऐकायला धनाजी मिस्त्री आणि एक म्हैस एवढेच होते, पण आवाज भरसभेचा!

गाडी होतीच तशी. बसकी, दोन सीटची, टर्बो लावलेली. चालू झाली की गल्लीतली कोंबडी अंडं द्यायचं विसरायची! टर्बोला जुना पंप पुरेसं पेट्रोल देईना, म्हणून आज मोठा पंप आणि मोठे इंजेक्टर बसवायचे होते. कारण आजच दुपारी साताऱ्याला मुलगी बघायची होती. स्वप्नाली शिरवळच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची. आधीच्या सात मुलींनी वीरधवलला नकार दिलेला, आणि ही आठवी तर फोटोतच त्याच्या काळजात घुसलेली!

पंप टाकीत बसवून दोघं चहाला गेले. परत येऊन बघतात तर, वीरधवलला लहानाचा मोठा करणारी शालूआत्ती हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी.

"नव्या पंपाची बी पूजा केली रं."

"बरं केलंस आत्ती!" वीरधवल म्हणाला. मिस्त्रीनं टाकीचं झाकण लावलं. आत्याभाचे निघाले.

कराडपर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. उंब्रजला तिला उचकी लागली, नागठाण्याला खोकला झाला आणि साताऱ्यात स्वप्नालीच्या वडलांच्या, सुभेदार लालासाहेबांच्या दारात, अख्ख्या आळीसमोर, तिनं मान टाकली!

"आवाज तर तोफंचा व्हता," सुभेदार म्हणाले. "दारू भिजली का काय?"

पोह्यांचं ताट ठेवून स्वप्नालीनं ओढणी खोचली आणि पंपच वर काढला. जाळीत हळदीकुंकवाचा चिखल!

"टाकीत पाणी कुणी घातलं?"

वीरधवलनं आत्तीकडं बघितलं. त्याला सगळं कळलं. मान खाली घालून तो म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं."

"खोटं बोलू नगंस!" आत्ती उसळली. "मी घातलं! विहिरीवरचा पंप आधी पाणी घातल्याबिगर ओढतो का? मिस्त्री तेवढंच इसरला व्हता. आन नारळाचं पाणी वाया कशाला घालवायचं?"

"किती नारळ, आत्ती?" स्वप्नालीनं गंभीरपणे विचारलं.

"दोन. पंप मोठा हाय न्हवं!"

सुभेदारांनी हसू आवरायला भिंत धरली.

स्वप्नालीनं टाकी उपसली, जाळी धुतली, नवं पेट्रोल ओतलं. गाडी गुरगुरली. "आत्ती, बसा!" म्हणत ती भुर्रकन निघूनही गेली. वीरधवल गार पोहे धरून उभा!

अर्ध्या तासानं दोघी परतल्या. "वीरू, लय गुणाची पोरगी! आमचं जमलं बघ!"

"म्हणजे मी पसंत हाय?"

आत्तीनं कपाळावर हात मारला. "आता गं बया! ते इचारायचं राहिलंच की!"

"विचारायला कशाला लागतंय?" स्वप्नाली लाजली. "तुमी आत्तींचं नाव घेतलं न्हाई, तवाच ठरलं."

वीरधवल फुलला. पंप राहू दे, आता तो स्वतःच टर्बो झाला होता!

"फक्त गाडी आठवडाभर इथंच ठेवा," ती पुढं म्हणाली. "टाकी नीट धुवायची हाय. आत्ती बी राहत्याल."

"आणि मी?"

"तुमी? स्टँड जवळच हाय की!"