गोगलगाईचं विरजण आणि साळूताईचे तीन काटे

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा मतं जास्त होती. कोण कुठे राहतं हे एखाद्याला ठाऊक नसे, पण कुणाला काय आवडलं नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असे.

त्या जंगलात साळूताई नावाची एक साळिंदर राहायची. तिला न गाजलेले लघुपट बघायची आवड होती. नदीकाठच्या वाळूत दोन झाडांना एक पांढरा पडदा बांधलेला होता. वाघाच्या शिकारीची मालिका असली की वाळू दिसत नसे. लघुपट असला की नुसती वाळूच दिसे, आणि मध्ये साळूताई.

जंगलात एक नियम होता. नवा लघुपट तीन संध्याकाळी दाखवायचा. तिसऱ्या दिवशी खेळ संपला की समितीचे अध्यक्ष गवेसाहेब वाळूत फिरत आणि बसल्याच्या खुणा मोजत. दहा खुणा भरल्या तर लघुपट गुहेत जपून ठेवायचा. नाही भरल्या तर त्याची फीत सुगरणींना घरट्यासाठी द्यायची. सुगरणी समितीवर खूश होत्या.

कासवअण्णांनी सात वर्षं खपून एक लघुपट केला. अकरा मिनिटांचा. एक गोगलगाय शेजारणीकडे विरजण मागायला निघते. ती पोचेपर्यंत घरचं दूध नासून जातं. शेजारीण म्हणते, "आलीच आहेस तर बस जरा." संपला लघुपट.

पहिल्या संध्याकाळी साळूताई एकटीच होती. शेजारीण "बस जरा" म्हणाली आणि साळूताईला रडू आलं. आपल्याला असं शेवटचं कुणी म्हटलं होतं, ते तिला आठवेना. काट्यांमुळे साळूला तसं फारसं कुणी म्हणत नाही.

घरी येऊन तिने अंगावरचा एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला आणि पळसाच्या पानावर अभिप्राय लिहिला. पान पाणवठ्यावरच्या उंबराला टांगलं.

सकाळी उंबराखाली ही गर्दी!

"काय लिहिलंयत, साळूताई!" कोल्हीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्या दुधाचं वाचून मी आधी घरचं दूध बघून आले हो."

"मग येताय ना आज बघायला?"

"आता कशाला? तुम्ही सगळं सांगितलंत की."

त्या संध्याकाळी वाळूत पुन्हा एकच खूण.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळूताईने दुसरा काटा उपटला. या वेळी गोष्ट सांगितली नाही. एवढंच लिहिलं, 'फार चांगला आहे. जरूर बघा.'

"चांगला आहे म्हणते," तरस म्हणाला. "म्हणजे आपल्याला कळायचा नाही."

"आणि काहीतरी शिकवत असणार," ससा म्हणाला. "जरूर बघा म्हणतात, तिथे शिकवतातच."

दुपारी कासवअण्णा वाटेत भेटले. "सुगरणी येऊन गेल्या, ताई," ते म्हणाले. "फितीची लांबी विचारत होत्या."

साळूताई घरी गेली. तिसरा काटा उपटताना तिला दुखलं नाही. लिहिताना दुखलं. 'इतका वाईट लघुपट मी जन्मात पाहिला नाही. कासवअण्णांची सात वर्षं फुकट गेली. कुणीही बघू नये.'

संध्याकाळी वाळू दिसेना. हत्ती सहकुटुंब आला. "वाईट भाग कधी आहे?" असं विचारत सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले. तरस तर आधीपासूनच खिदळत होता. मग शेजारीण "बस जरा" म्हणाली, आणि तरसाला पुढे हसायचं सुचलं नाही. बराच वेळ कुणी उठलं नाही.

उठल्यावर सगळे म्हणाले, "वाईटच आहे. अभिप्राय अगदी बरोबर."

गवेसाहेबांनी खुणा मोजल्या. हत्तीची एक धरायची की चार, यावर थोडा वाद झाला. तरी दोनशे भरल्या.

तेवढ्यात कासवअण्णा पोचले. पाणवठ्यावरून निघायला त्यांना उशीर झाला होता. तोंडात पळसाचं पान होतं. ते त्यांनी खाली ठेवलं.

"ताई, खरं सांगा. इतका वाईट आहे?"

गवेसाहेबांनी कान टवकारले. अभिप्राय खोटा निघाला तर सगळ्या खुणा बाद, असाही एक नियम होता. वर फांदीवर सुगरणी चोची घासत होत्या.

साळूताईने एकदा वर पाहिलं, एकदा अण्णांकडे.

"हो," ती म्हणाली.

अण्णांनी मान आत घेतली. "बरं झालं सांगितलंत," आतून आवाज आला.

लघुपट गुहेत गेला. अजून तिथे सुखरूप आहे. अण्णांनी पुन्हा लघुपट केला नाही.

दुसऱ्या दिवशी साळूताईच्या दारात रांग लागली. चितळ, मोर, मुंगूस, सगळे आपापल्या फिती घेऊन.

"ताई, आमच्यावरही जरा वाईट लिहा ना. अगदी मनापासून!"

"आलाच आहात तर बसा जरा," साळूताई म्हणाली.

पण बसायला कुणाला वेळ नव्हता.

तात्पर्य : एखादी गोष्ट खरोखर आवडली, तर बाळांनो, तसं चुकूनही लिहू नये. तिची चारचौघांत मनसोक्त नालस्ती करावी, म्हणजे ती टिकते. ज्याने ती गोष्ट घडवली तो टिकेलच असं नाही. पण त्याच्यासाठी समितीकडे अजून नियम नाही.